सोवळी पट्टी

मला अजून त्या टाळ्यांचा राग येतो. ठाण्याच्या शाळेतल्या मोठ्या खोलीत त्या रविवारी ज्या टाळ्या पडल्या, त्या परत करता येण्याजोग्या असत्या, तर मी त्या पोत्यात भरून एकेकाच्या ओटीवर ओतून आलो असतो. म्हटले असते, घ्या, तुमच्या तुम्हांला. माझ्या आईचा डोळा मात्र कोणाकडून परत मागणार? तो मागायचा तर माझ्याकडेच मागावा लागेल.

त्या वेळी मी ठाण्याच्या कचेरीत भाषांतराच्या कामावर होतो. घर कल्याणला. सकाळच्या आगगाडीने जायचे, दिवसभर साहेबाच्या इंग्रजीचे मराठी आणि रयतेच्या मराठीचे इंग्रजी करायचे, आणि दिवेलागणीच्या आत परत यायचे. माझे इंग्रजी बरे होते. मराठी त्याहून बरे आहे असे लोक म्हणत, आणि लोक म्हणतात ते मला फार लवकर पटत असे. तो माझा पहिला दोष. बाकीचे त्याच्याच पोटचे.

शहरातल्या काही पुढारी मंडळींनी ठरवले की नव्या औषधोपचारांची माहिती लोकांना द्यावी. दर पंधरवड्याला रविवारी एकेका डॉक्टराचे व्याख्यान ठेवले. कोणी देवी टोचण्याविषयी बोलले, कोणी थंडीतापावरच्या कोयनेलाविषयी, कोणी क्लोरोफॉर्म देऊन पाय कापला तरी रोग्याला कसे कळत नाही त्याविषयी. अध्यक्षपदी एक गोरा साहेब असे. तो व्याख्यान सुरू होताच उठून जाई, पण त्याची खुर्ची तिथे असे, आणि पुढचे सारे व्याख्यान त्या रिकाम्या खुर्चीला उद्देशून इंग्रजीतच चाले. मी शेजारी उभा राहून त्याचे मराठी करी.

नुसते मराठी केले असते तरी बिघडले नसते. पण पहिल्याच व्याख्यानात माझ्या हाती एक युक्ती लागली. देवीच्या डॉक्टराने सांगितले की टोचायची लस आता वासराच्या अंगावरून घेतात. सभेत एकदम कुजबुज झाली. जनावराचे पू-रक्त आमच्या लेकरांच्या दंडात? मागचे दोघेतिघे उठूनही उभे राहिले. मी म्हणालो, "मंडळी, हा गोमातेचा प्रसाद आहे." उठलेले खाली बसले. पुढच्या आठवड्यात टोचणी करणाऱ्याकडे आया मुलांना घेऊन गेल्या. क्लोरोफॉर्मला मी संमोहनास्त्र म्हटले. कोयनेल कडू असते हे सांगताना कोणी तरी ओरडले, "बायकोच्या बोलण्यापेक्षा?" तेव्हा मी म्हणालो, "तितके नाही, म्हणून तर डॉक्टर रोज घ्यायला सांगतात." सगळी खोली हसली. मला वाटू लागले, डॉक्टर येतात आणि जातात; हे व्याख्यान खरे माझे आहे.

मग मोतीबिंदूच्या डॉक्टराचे व्याख्यान आले. हा माझ्याहून आठदहा वर्षांनी लहान, मुंबईला शिकलेला, ठाण्यातच नेमणूक झालेला. आणि मराठी. कोकणातला, माझ्याच भाषेत वाढलेला. तोही त्या खुर्चीशी इंग्रजीत बोलला. डोळ्यात कोकेन नावाच्या नव्या औषधाचे थेंब घातले की डोळा बधिर होतो, रोगी जागा असतो आणि तरी त्याला दुखत नाही, हे त्याने सांगितले. लोक थक्क झाले. मग त्याने सांगितले की शस्त्रक्रिया उत्तम होऊनसुद्धा पूर्वी कितीतरी डोळे का नासत. हातांवर, शस्त्रांवर, कापडावर डोळ्याला न दिसणारे बारीक जीव असतात. म्हणून सारे उकळायचे, कार्बोलिकच्या पाण्यात बुडवायचे. त्याचा शब्द होता ‘क्लीन’. तो त्याने पुन्हा पुन्हा वापरला.

मी जंतू म्हणालो.

"म्हणजे किडे?" पहिल्या रांगेतल्या एका वृद्ध गृहस्थांनी विचारले.

"तसेच काहीसे, पण दिसत नाहीत."

"आम्ही त्रिकाळ स्नान करतो हो! आमच्या हातांना किडे पडलेत म्हणता?"

कोणी हसले, कोणी चिडले. मागून आवाज आला, "डॉक्टरांच्या हातांना असतील!" सभा हातची जाताना मला दिसली. मी आजपर्यंत एकही सभा जाऊ दिली नव्हती. मी हात वर केला आणि म्हणालो, "मंडळी, डॉक्टरसाहेबांचे म्हणणे एवढेच, की शस्त्र सोवळ्यात, हात सोवळ्यात, पट्टी सोवळी!"

"वाहवा!" तेच वृद्ध गृहस्थ म्हणाले. "हे तर आमच्या पूर्वजांनी केव्हाच सांगून ठेवलंय!" आणि टाळ्या. किती वेळ चालल्या त्या!

मी डॉक्टराकडे पाहिले. त्याला शब्द कळला होता. ज्या घरात आई सोवळ्यात स्वयंपाक करते अशाच घरात तोही वाढला होता. उकळणे आणि सोवळे यांचा संबंध नाही हे माझ्याइतकेच त्याला ठाऊक होते. रेशमी मुकटा सहा महिने धुतला नाही तरी सोवळाच राहतो, आणि आत्ता भट्टीतून काढलेले धोतर कोणी शिवले की ओवळे होते, हे कोणाला ठाऊक नाही? तो किंचित हसला आणि पुढच्या वाक्याकडे वळला.

मंडळींनी सगळ्या व्याख्यानांचे लहानसे पुस्तक छापले. माझे ते वाक्य त्यात जाड अक्षरांत आले. ठाणे, कल्याण आणि आसपासच्या गावांत ते पुस्तक फुकट वाटले.

आता आईचे सांगतो. ती मी लहान असतानाच विधवा झालेली, केशवपन केलेली. आमच्याकडे अशा बाईलाच ‘सोवळी’ म्हणतात. तेव्हा हा शब्द तिच्या अंगावरच होता म्हणायचा. माझ्या आठवणीत तिने दुसऱ्या कोणाच्या हातचे शिजलेले अन्न खाल्लेले नाही, माझ्या बायकोच्या हातचे सोडून. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. उजवा पिकला होता, डावा पिकायला लागला होता. तांदूळ ती बोटांनी चाचपून निवडी. पोथी उघडून बसे आणि पाठ होते ते म्हणे; पान उलटायची जागा चुके.

दवाखान्यात चल म्हटले की म्हणे, "तिथे कोण कुठला शिवेल. आंधळी होऊन मरेन, बाटून नाही मरायची."

मी तिला ते पुस्तक वाचून दाखवले. जाड अक्षरांतले वाक्य दोनदा वाचले.

"म्हणजे हा डॉक्टर सोवळं पाळतो?" तिने विचारले.

"पाळतो," मी म्हणालो.

बायको दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले आणि आत गेली.

ठाण्याला टेंभी नाक्याजवळ एका परिचिताच्या घराच्या दोन खोल्या घेतल्या. आई, बायको आणि मी तिथे राहायला गेलो. उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया सकाळी झाली आणि इतकी लवकर झाली की आई म्हणाली, "अरे, विष्णुसहस्रनाम अर्ध्यावरसुद्धा आलं नव्हतं!" ती हसत होती. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, आणि खाली ते हसणारे तोंड. ते मला आठवते, आणि आठवू नये असे वाटते.

डॉक्टर मला व्हरांड्यात घेऊन गेला. तिथे आमच्याखेरीज कोणी नव्हते, तरी तो माझ्याशी इंग्रजीत बोलला आणि मी त्याला इंग्रजीत उत्तरे दिली. कसली लाज होती आम्हांला? त्याने सांगितले की चौथ्या दिवशी तो स्वतः घरी येऊन पट्टी सोडील. मध्ये भिजली किंवा सैल झाली तरच बदलायची, आणि ती याच कापडाने. मेणकापडात गुंडाळलेल्या उकळलेल्या पट्ट्या आणि कार्बोलिकची बाटली त्याने माझ्या हातात दिली. आधी या पाण्यात हात धुवायचे, मगच शिवायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने पडल्यापडल्या पाणी मागितले. पेला तोंडाशी नेताना कलंडला आणि पट्टी भिजली. मी मेणकापड सोडायला घेतले.

"ते काय आहे?"

"दवाखान्यातल्या पट्ट्या."

"कुणी कापल्या?"

"कंपाउंडरनं."

"तो कोण?"

कोण होता ते मला ठाऊक होते, आणि तिला नको असणार तोच तो होता.

"उकळल्यात आई त्या. चांगल्या खळखळ."

"उकळलं की विटाळ जातो का रे? तूच वाचलंस ना, पट्टी सोवळी. डॉक्टराचा शब्द आहे. तुझ्या वडिलांचा मुकटा आणलायस ना पूजेला? त्याची पट्टी फाड."

बायको म्हणाली, "अहो, डॉक्टरांनी दिलीय तीच बांधा."

"तू मध्ये बोलू नकोस गं," आई म्हणाली. मग मी बाटलीचे बूच काढले आणि ती आणखी चिडली. "शी! कसला डांबराचा वास हा! ते हाताला लावून मला शिवायचं नाही हं. विहिरीवर स्नान करून ये."

त्या क्षणी मी दोन वाक्ये बोलायला हवी होती: डॉक्टर सोवळे असे म्हणाला नव्हता, ते मी म्हणालो. एवढेच. तिने आरडाओरडा केला असता, रडली असती, कदाचित त्याच पावली कल्याणला परत निघाली असती. पण डोळा राहिला असता. मी स्नान करून आलो. सोवळ्याची लोकरी धाबळी नेसलो. मुकट्याला तुपाचा आणि धुराचा वास येत होता. पूजेला, जेवायला, श्राद्धाला तोच. कित्येक महिन्यांत त्याला पाणी लागले नव्हते. मी तो माझ्या हाताने फाडला आणि माझ्या हाताने तिच्या कापलेल्या डोळ्यावर बांधला. रेशीम फाटताना जो आवाज होतो तो मला आता कापडाच्या दुकानात ऐकवत नाही.

तिसऱ्या दिवशी ठणका सुरू झाला. बायको म्हणाली, "पट्टीला वास येतोय. डॉक्टरांना बोलवा." आई म्हणाली, "सोसवतंय मला, उद्या येणारच आहे तो." आणि मी आईचे ऐकले. कारण डॉक्टर आला असता तर त्याने मुकटा पाहिला असता.

चौथ्या दिवशी त्याने तो पाहिलाच. पट्टी सोडली, आणि त्याच्या तोंडून निघाले, "अरे देवा!" त्याच्या तोंडचे मी ऐकलेले ते पहिले मराठी. मग लगेच तो सावरला आणि इंग्रजीत मला म्हणाला की डोळ्यात पू झाला आहे, हा डोळा गेला. तुमच्या आईला समजावून सांगा.

"काय म्हणतोय रे तो?" आईने विचारले.

मी भाषांतर केले. "डोळ्याला मानवलं नाही, आई."

डॉक्टर उभा होता. त्यानेही ते ऐकले. तोही काही बोलला नाही.

आम्ही कल्याणला परतलो. त्यानंतर दोन दिवसांनी बायको बाहेर बसली. आईने बोटांवर दिवस मोजले आणि तिच्यापुरता निकाल लावला. "हिला आधीच झालं असणार. लपवलंन्. मुकट्याला शिवली असणार ही, म्हणून सोवळं मोडलं आणि माझा डोळा गेला." बायको चार दिवस बाहेर बसून हे ऐकत होती. तिने माझ्याकडे पाहिले. मी कचेरीला गेलो.

दोन वर्षे! आज लिहिताना माझाच हात धरून ओढावासा वाटतो. दोन वर्षे आईने तिच्या हातचे पाणी घेतले नाही. स्वतःचे शिजवे, त्या एका धुरकट डोळ्याने. डावा डोळा आता पिकत चालला होता. वेळेवर मोतीबिंदू काढला तर दिसणार होते. पण डॉक्टराचे नाव काढले की ती म्हणे, "या घरात? जिथे सोवळ्याचा भरवसा नाही तिथे दुसराही घालवू?" म्हणजे मी गप्प राहिलो तो एकेक दिवस तिच्या डाव्या डोळ्यातून जात होता. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पंधरवड्याच्या व्याख्यानांना मी तरीही जात होतो. प्लीहेवर, मुलांच्या जंतांवर, सापाच्या विषावर. सगळ्यांवर डॉक्टर बोलत आणि मी टाळ्या घेत होतो.

एकदा बायको म्हणाली, "कचेरीत तुम्ही साहेबाचं खोटंसुद्धा खरं करून लिहिता म्हणतात. माझं खरं एकदा सांगता येत नाही?"

"तिला धक्का बसेल."

"तिला? का तुम्हाला?"

मी रागावलो. तिच्यावर! तेवढीही लाज मला नव्हती.

मग एका रविवारी सकाळी मी ओसरीवर बसलो होतो. आई अंगणात तुळशीपाशी. बायको कळशी घेऊन मागच्या दाराने आली. आईला फक्त सावली दिसली असावी. शेजारच्या घरची बाई कधीमधी पाणी द्यायला येई; तीच ही, असे आईला वाटले.

"ये गं, बस जरा," आई म्हणाली. "आमच्याकडची कुठे गेलीय कोण जाणे. पाणी दे घोटभर. तिच्या हातचं मी घेत नाही, तुला माहीत आहेच. माझा डोळा खाल्लान् तिनं. तोंडानं गोड आहे, पण कपटी."

बायको एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर आवाजाने ओळखू आली असती. तिने कळशी वाकवली. आईने ओंजळ धरली, प्यायली, तोंड पुसले.

"गार आहे हो पाणी. देव तुझं भलं करो."

बायको तशीच उभी होती. कळशीतून पाणी तिच्या पायांवर गळत होते. तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही, आणि त्यामुळेच मी उठलो.

"आई, ती शेजारची नाही. ही आपली आहे. आणि हिनं मुकट्याला हात लावला नव्हता. डॉक्टर सोवळं असं म्हणालाच नव्हता. तो माझा शब्द होता."

आईने ओल्या हातांकडे पाहिले, जणू ते तिला दिसत होते. पाण्याविषयी ती काही बोलली नाही.

"तो म्हणालाच नव्हता?"

"नाही."

"मग काय म्हणाला होता?"

"स्वच्छ."

"स्वच्छ तर मी रोज असते. स्वच्छ म्हणजे काय नेमकं?"

"म्हणजे उकळलेलं. त्या डांबराच्या पाण्यात हात बुडवलेले."

"मग उकळलेलं असं म्हणायचं होतंस, मेल्या!" ती ओरडली. "एवढा साधा शब्द! मोलकरणीला येतो तो! तुला एवढं शिकवलं ते कशाला?"

"लोक हसत होते, आई. उठून गेले असते."

"जाऊ द्यायचे होतेस! त्यांचे डोळे त्यांच्याबरोबर गेले असते. माझा का घालवलास?"

ती तुळशीच्या कट्ट्याला धरून उठली.

"मला त्या डॉक्टराकडे ने. उद्याच ने. पण तुझ्या शब्दावर मी आता एक पाऊल टाकायची नाही. ही येईल माझ्याबरोबर आत. तू बाहेर बस."

‘बाहेर बस’ हे शब्द आमच्या घरात बायकांखेरीज कोणाला आजवर कोणी म्हटले नव्हते. बायकोने पदर तोंडाशी नेला. ती हसत होती की रडत होती हे मी विचारले नाही; मला तो अधिकार नव्हता.

मी बाहेर बसलो. दवाखान्याच्या त्याच व्हरांड्यात, जिथे आम्ही दोघे विद्वान इंग्रजी बोललो होतो. दार उघडेच होते.

"तुला मराठी येतं का रे?" आईचा आवाज.

"येतं, आई."

"मग त्या सभेत हा माझा मुलगा काय बरळला ते तुला कळलं होतं?"

मी श्वास रोखून ऐकत होतो. तो नाही म्हणाला असता तर मी आत जाऊन त्याची मानगूट धरली असती.

"कळलं होतं," डॉक्टर म्हणाला.

"मग तोंड शिवलं होतं का?"

"सभा खूश होती, आई. मला वाटलं, कसं का होईना, लोकांना पटतंय ना. पुढं सांगू नीट."

"पुढं म्हणजे केव्हा? डाव्या डोळ्यानंतर?"

तो काही तरी पुटपुटला. मला त्याच्याविषयी जो राग होता तो इतका मोठा होता की त्याच्या आडोशाला मी दोन वर्षे लपून होतो, हे मला तिथे बसून कळले. त्याने एकदा गप्प बसून पाहिले. मी तर रोज गप्प बसत होतो.

"आता तूच सांग," आई म्हणाली, "आणि हिला सांग, ही करणार आहे. काय करायचं?"

मग त्या माणसाने, जो भर सभेत एकही मराठी वाक्य बोलला नव्हता, माझ्या बायकोला सांगितले, "वहिनी, जुनं मऊ धोतर घ्या. फडकी करा. भात शिजायला लागतो तितका वेळ उकळू द्या. मग हात न लावता ताटात काढा, झाकून ठेवा. तुमचे हात कोपरापर्यंत या पाण्यात."

"चिमट्यानं काढू?"

"चिमटाही त्याच पाण्यात उकळा."

"म्हणजे पळी-चिमटा सगळं एकदमच. बरं."

इतके सोपे होते ते. चुलीचे शब्द. ते माझ्या आईला, बायकोला, त्या सभेतल्या प्रत्येकाच्या घरी ठाऊक होते. मी ते वापरले नाहीत, कारण त्यांना टाळ्या पडल्या नसत्या.

डावा डोळा वाचला. त्या वेळी मी टेंभी नाक्याच्या खोलीत पाणी भरण्यापलीकडे काही केले नाही. करू दिले नाही. बायको डांबराच्या वासाच्या हातांनी पट्टी बदलत असे आणि आई नाक मुरडून म्हणे, "बांध हो बांध, डांबर तर डांबर." जाड भिंगांचा चष्मा आल्यावर आईने बायकोला उजेडात उभे करून पाहिले. माफी वगैरे मागितली नाही. म्हणाली, "किती वाळलीस गं!" आणि पाण्यासाठी हात पुढे केला.

माझ्याकडे पाहिले ते नंतर. "ते पुस्तक कुठे कुठे गेलंय?"

"बऱ्याच गावांत."

"मग बसलायस काय?"

मंडळींच्या चिटणिसांकडे गेलो. ते दुसरी आवृत्ती काढण्याच्या बेतात होते. "अहो, शब्द सुरेख आहे तो," ते म्हणाले. "लोकांच्या मनात बसलाय. हवं तर खाली एक टीप घालू." मी त्यांच्या ओटीवर मोठ्याने बोललो. आयुष्यात प्रथमच मी कोणाच्या ओटीवर असा बोललो. मग दौत-लेखणी घेऊन घरोघर फिरू लागलो. प्रती मागून घ्यायच्या, ते वाक्य खोडायचे, वर लिहायचे: उकळलेले. काहींनी प्रत दिली. काहींनी हाकलले. कल्याणात एकाने विचारले, "काय हो, सरकारनं आता सोवळंही बंद केलं वाटतं?"

दिवा गावाच्या पलीकडे खाडीकाठच्या एका गावात गेलो तेव्हा एका घरात पुस्तक नव्हतेच. दारात एक माणूस खाटेवर पडला होता. मिठागरावर पाय चिरला होता त्याचा. पावलाला हिरवा खण बांधला होता, जरीच्या काठाचा. पाय घोट्यापर्यंत सुजून तांबडा झाला होता.

"हा खण कशाला बांधलास?" मी त्याच्या बायकोला विचारले.

"देवीच्या वटीचा हाय तो," ती म्हणाली. "सोवला हाय. शालेच्या मास्तरानं वाचून सांगितलं व्हतं ना," आणि तिने एका सुरात म्हणून दाखवले, जणू जात्यावर म्हणत होती, "शस्त्र सोवल्यात, हात सोवल्यात, पट्टी सोवली."

माझ्या हातातली दौत मी खाली ठेवली. ते वाक्य कागदावर राहिलेच नव्हते. शाईने खोडता येण्याच्या जागी ते नव्हतेच.

"ते खोटं आहे, बाई. मीच लिहिलंय ते."

"तुमी?" तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिले. "मंग खोटं कशाला लिवलंत?"

मी खण सोडायला वाकलो, मग थांबलो आणि आधी हात धुवायला पुढे केले. "चूल पेटव. मोठं भांडं ठेव. यांचं एखादं जुनं धोतर आण. भात शिजतो तितका वेळ उकळायचं. पट्टी बांधली की गाडी बघ, यांना ठाण्याला दवाखान्यात न्यायचंय."

"धोतर?" ती म्हणाली. "अवो, पन ते ओवलं हाय."

"असू दे ओवळं," मी म्हणालो. "आण."